तुंग्याचा निकाल आणि रविवारचा लॅप

मराठी माणूस गाडी किती वेगात हाणतो हे पाहायचं असेल तर रस्त्यावर जाऊ नये, लग्नाच्या पंगतीत बसावं. तिथे पुणे ते दादर हे अंतर कुणी दोन तासांत कापलेलं असतं, कुणी पावणेदोन. आणि जिलबीचा दुसरा वाढा येईपर्यंत ते सव्वा तासावर उतरलेलं असतं. हे विक्रम खोटे असतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते मोजायची रीत वेगळी असते, इतकंच. ‘पुणं’ म्हणजे घराचं कुलूप लावणं नव्हे. वाकडचा पूल, आणि सोयीचं असेल तर थेट उर्से टोलनाका. वाशीची खाडी ओलांडली की ‘दादर’ आलंच समजायचं. फूड मॉलवर वडापावात गेलेली पंचवीस मिनिटं वजा. खंडाळ्याला कंटेनर आडवा झाला होता ती चाळीस मिनिटं वजा, कारण त्यात आपला काय दोष? मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाट विसरून सगळा रस्ता 100 च्या कायदेशीर वेगाने गेलं तर सत्तावन्न मिनिटं लागतात, आणि कॅमेऱ्यांना न जुमानता 120 ने गेलं तर सत्तेचाळीस. म्हणजे जीव, लायसन्स आणि शेजारी बसलेल्या सासऱ्यांचा रक्तदाब पणाला लावून केलेलं सगळं शौर्य दहा मिनिटांचं. पण पंगतीत भागाकार कुणी करत नाही. तिथे फक्त वजाबाकी चालते.

टाइम ट्रायल नावाच्या प्रकाराने या सुखावर घाला घातला आहे. प्रकार साधा. बांधीव ट्रॅक, एकमेकांपासून अंतर राखून सोडलेल्या गाड्या, प्रत्येक गाडीला चिकटवलेला ट्रान्सपाँडर नावाचा छोटा डबा, आणि सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं यंत्र. पुढे ट्रक नाही, मागे हॉर्न नाही, मध्ये म्हशी नाहीत, समोरून उलट्या दिशेने येणारा दूधवाला नाही. ‘रस्ता मोकळा मिळू दे, मग दाखवतो’ असं आपण आयुष्यभर म्हणत आलो, तो मोकळा रस्ता इथे रीतसर फी भरून मिळतो. आणि नेमकी दाखवायची वेळ आली की यंत्र सांगतं, दाखवण्यासारखं फारसं काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हौशी चालकाचा ट्रॅकवरचा शनिवार-रविवार निराशेत जातो तो चालक वाईट असतो म्हणून नव्हे. बहुतेक हौशी चालक बरे असतात. काही तर चांगलेच असतात. तो निराशेत जातो कारण तिथे वजाबाकी चालत नाही. आणि आपलं सगळं ड्रायव्हिंग, मी तर म्हणेन बराचसा इतिहाससुद्धा, वजाबाकीवर उभा आहे.

इतिहास मध्येच कुठून आला, असं कुणी विचारेल. तो रस्त्यातच आहे. महाराष्ट्रातून स्वतःची गाडी स्वतः चालवत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जाणारा हौशी माणूस जयपूरला मुक्काम टाकतो, सकाळी आग्रा रस्त्याला लागतो, कानोता मागे पडतं आणि बस्सी येतं. हल्ली बांदीकुईच्या जोडरस्त्याने बस्सी टाळताही येतं, पण मराठी माणसाने टाळू नये. बस्सीपासून जवळच तुंगा म्हणून गाव आहे. 28 जुलै 1787 रोजी त्या परिसरात महादजी शिंद्यांच्या फौजेची जयपूरच्या सवाई प्रतापसिंहांशी आणि त्यांच्या मदतीला आलेल्या जोधपूरच्या राठोडांशी लढाई झाली. दिवसभर तोफा वाजल्या. राठोडांचे स्वार तोफांच्या तोंडावर चालून गेले. लढाईआधी शिंद्यांना सोडून जयपूरकडे गेलेला मुहम्मद बेग हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. संध्याकाळ झाली तेव्हा दोन्ही फौजा मैदानात होत्या. निकाल काय लागला? राजस्थानात विचाराल तर राजपुतांनी मराठ्यांना धूळ चारली. मराठी पुस्तकात पाहाल तर लढाई हरलो नव्हतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसकट पलीकडे गेल्या, म्हणून पाटीलबाबांना, म्हणजे महादजींना, लालसोटच्या बाजूने डीगकडे माघार घ्यावी लागली. थोडक्यात, पलटणी वजा केल्या तर आपणच जिंकलो होतो. यातली खरी गंमत अशी की महादजी तिथे गेले होते ते जयपूरकडची थकलेली खंडणी वसूल करायला, आणि गेले होते ज्यांचा पगार स्वतः थकवला होता अशी फौज घेऊन. सव्वादोनशेहून अधिक वर्षं झाली, तुंग्याला दोन विजेते आहेत. तिथे ट्रान्सपाँडर नव्हता.

बस्सीनंतर दौसा, आणि दौशापाशी दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग. त्याचा सोहना–दौसा टप्पा फेब्रुवारी 2023 मध्ये खुला झाला. मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो फार बोचतो. बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचं आहे. सर्वसाधारण हॅचबॅक घेऊन आलेल्या हौशी चालकाने अडीच मिनिटांत एक फेरी मारली तर त्याला मित्रांनी खांद्यावर घ्यायला हरकत नाही. पण हिशेब केला तर अडीच मिनिटांची फेरी म्हणजे ताशी 123 किलोमीटरची सरासरी. म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, हॉटेल, प्रवेश फी, टायर, पेट्रोल आणि बायकोला दिलेली तीन वेगवेगळी कारणं एवढं सगळं खर्चून या गृहस्थांनी येतानाच्या टोलरस्त्यापेक्षा ताशी तीन किलोमीटर जास्त वेग मिळवला. टोलरस्त्यावर एसी चालू होता, गाणी चालू होती आणि मागे मुलं भांडत होती. याच ट्रॅकवर 2011 च्या फॉर्म्युला वन शर्यतीत सेबास्टियन फेटलने 1 मिनिट 27.249 सेकंदांत लॅप मारला. सरासरी ताशी 211 च्या वर. अर्थात त्याच्याकडे गाडी तशी होती, असं कुणीही म्हणेल. त्या ‘गाडी तशी होती’कडे मी येणारच आहे.

आधी शनिवार सकाळ. ट्रॅकवर उतरण्यापूर्वी स्क्रुटिनी होते, म्हणजे गाडीची झडती. गाडीत सुटं काही राहता कामा नये, हा नियम. डिकीतून स्टेपनी, जॅक, छत्री, पाण्याचे कॅन आणि दोन वर्षांपूर्वी देशपांड्यांना परत द्यायचं राहून गेलेलं टेबल फॅनचं खोकं निघतं. कप्प्यातून पीयूसीच्या पावत्या, बडीशेपेची पुडी, कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका. मग तपासनीस डॅशबोर्डवरच्या गणपतीला दोन बोटांनी हलवून पाहतो. त्यात नास्तिकपणा नसतो. ताशी दीडशेवर ब्रेक दाबला की चिकटपट्टी सुटलेली कोणतीही देवता प्रक्षेपणास्त्र होते, एवढंच त्याला ठाऊक असतं. गणपती हलला तर बाहेर. बंपरखालचं लिंबू-मिरचीही बाहेर. या क्षणी हौशी चालकाच्या चेहऱ्यावर जी छाया येते ती पाहण्यासारखी असते. हेल्मेट, टो-हुक, बाह्या झाकणारा शर्ट हे सगळं तो आनंदाने सोसतो. पण गणपती टायरांच्या ढिगावर ठेवून ट्रॅकवर जायचं म्हणजे पहिली सबब तिथेच तयार झाली. मग ब्रीफिंग. पिवळा झेंडा, लाल झेंडा, निळा झेंडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट द्या. हौशी माणूस वहीत लिहून घेतो आणि मनात म्हणतो, हा आपल्याला लागणार नाही. दुपारपर्यंत त्याला इतर सगळे रंग विसरायला झालेले असतात. निळा तेवढा पाठ होतो.

ट्रॅकवर नेमकं काय बिघडतं ते एका ठिकाणी थांबून पाहण्याजोगं आहे. बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी वळण, आणि वळणाआधी अंतराच्या पाट्या. आदल्या रात्री हॉटेलात व्हिडिओ पाहून ठरलेलं असतं की ब्रेक शंभराच्या पाटीला मारायचा. गाडी 160 ला पोचते. त्या वेगाला ती सेकंदाला चव्वेचाळीस मीटर जाते, म्हणजे विचार करायला घेतलेला अर्धा सेकंद बावीस मीटरला पडतो. त्यात निसर्गाचा एक खवट नियम आहे: वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ऐंशीवरून थांबण्याची आयुष्यभराची सवय 160 वर काही कामाची नाही, हे डोक्याला माहीत नसलं तरी उजव्या पायाला कळतं, आणि तो दोनशेच्या पाटीच्याही आधी ब्रेकवर पडतो. मग जे घडतं ते केविलवाणं असतं. गाडी वळणाच्या फार अलीकडेच रांगायला लागते, आणि वळणापर्यंत पोचण्यासाठी पुन्हा ऍक्सिलरेटर द्यावा लागतो. पुढच्या फेरीत अपमान धुऊन काढायला तो उशिरा ब्रेक मारतो, वळणाचा आतला बिंदू चार मीटरने हुकतो आणि गाडी बाहेरच्या रंगीत पट्टीवरून जाते. लॅप रद्द. पंगतीत ही फेरी ‘जवळजवळ निसटलोच होतो’ म्हणून मोठी झाली असती. इथे ती कागदावर येतच नाही.

रविवारी संध्याकाळी टायमिंगच्या खोलीबाहेर तो कागद लागतो. प्रत्येक गाडीचा प्रत्येक लॅप, दशांशानंतर तीन आकडे. इथून माझा मुख्य पुरावा सुरू होतो. हौशी चालकाने इतरांच्या वेळा पाहू नयेत. त्यात गाड्या वेगळ्या, वर्ग वेगळे, वाद फार. स्वतःच्याच पाच फेऱ्या एकाखाली एक वाचाव्यात. समजा त्या 2:41, 2:37, 2:44, 2:38 आणि 2:42 अशा आहेत. गाडी तीच. टायर तेच. पेट्रोल त्याच पंपावरचं. ऊन तेच, चालकाचं वजनही नाश्त्यानंतरचं तेच. तरी सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट यांत सात सेकंद, आणि वाईट फेरी मध्येच कुठेतरी, चांगल्या दोन फेऱ्यांच्या बेचक्यात. टायर झिजत गेले असते तर वेळ सरळ वाढत गेली असती. गरम होत सुधारले असते तर सरळ घटली असती. ती वरखाली नाचते याचा अर्थ नाचणारा दुसराच कुणीतरी आहे. आपल्याकडे अशा वेळी अंगण वाकडं असतं. इथे ती सोय नाही. अंगण वाकडंच आहे, तब्बल सोळा वळणांचं; हर्मन टिल्के नावाच्या नामांकित जर्मन वास्तुरचनाकाराला पैसे देऊन ते मुद्दाम वाकडं करून घेतलेलं आहे, आणि सर्वांना सारखंच वाकडं आहे.

आता ‘गाडी तशी होती’. हा आक्षेप पोकळ नाही, हे मी आधीच मान्य करतो. रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर खरोखरच दमते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ब्रेकचं पॅडल स्पंजासारखं खाली जातं, ते काही मनाचे खेळ नव्हेत. डॉट-4 प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही अशी अट आहे. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि तसं जुनं झालेलं ऑइल 155 च्या आसपासही उकळू शकतं. ऑइल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. पण मग प्रश्न असा की दोन हजारांच्या स्टिकरांनी गाडीचे दोन्ही दरवाजे सजवणाऱ्या माणसाने काहीशे रुपयांचं ब्रेक ऑइल का बदललं नाही? स्टिकर दिसतात, ऑइल दिसत नाही. हा दोष गाडीचा धरायचा की चालकाचा, यावर पॅडॉकमध्ये, म्हणजे पिटमागच्या आवारात, एकमत होत नाही. आणि गाडीच्या आक्षेपावर खरा उतारा आपल्याच चाकणमधून आलेला आहे. फोक्सवॅगनने 2010 मध्ये भारतात पोलो कप सुरू केला. सगळ्यांना एकसारख्या पोलो. इंजिन सारखं, टायर सारखे, रंग तेवढा वेगळा. तरी कुणी पहिला आला, कुणी शेवटचा, आणि दोघांमधलं अंतर रंगाने पडलेलं नव्हतं.

उलट टोकालाही एक उदाहरण आहे. 1997 साली स्पेनमधल्या हेरेझ इथे फॉर्म्युला वन मोसमातल्या शेवटच्या शर्यतीच्या पात्रता फेरीत जाक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हाराल्ड फ्रेंटझेन या तिघांनी 1 मिनिट 21.072 सेकंद अशी हजाराव्या भागापर्यंत तंतोतंत एकच वेळ दिली. व्हिलनव्ह आणि फ्रेंटझेनची गाडी विल्यम्सची, शूमाकरची फेरारी. दोन कारखाने, दोन इंजिनं, तीन माणसं, एक वेळ. म्हणजे ज्यांच्याकडे ‘गाडी वेगळी होती’ म्हणायला जागा होती त्यांच्या वेळा सारख्या आल्या, आणि आमचा गडी एकट्याने, एकाच गाडीत, सात सेकंदांची विविधता दाखवतो. विविधतेत एकता म्हणतात ती हीच असावी, फक्त एकता पुढच्या मोसमात.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे, आणि तो नेहमी चहाच्या टपरीवर येतो. ट्रॅकवर काय, रिकाम्या रस्त्यावर कुणीही चालवेल. खरा ड्रायव्हर तो, जो लक्ष्मी रोडवर गणेशोत्सवात गाडी काढतो, जो बस्सीच्या बाजारात उंटगाडी, ट्रॅक्टर आणि वरात यांच्यामधून आरसा न मिटता निघतो. यात तथ्य आहे. भारतीय चालकाला गाईच्या कानावरून ती डावीकडे वळणार की उजवीकडे हे कळतं, आणि हे ज्ञान फेटललाही नाही. पण हे ज्ञान म्हणजे वेगाचं ज्ञान नव्हे. हे टाळण्याचं ज्ञान आहे, आणि ते वीस-तीसच्या वेगाला चालतं. एप्रिल 2019 पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची आहे. तरी गाडी पाच वर्षं वापरून विकून टाकेपर्यंत अनेकांनी ब्रेक एकदाही मुळापर्यंत दाबलेला नसतो. पायाखाली तो खडखडतो, थरथरतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा गाडी मोडली असं वाटून माणूस पाय काढतो, आणि नेमका तेव्हाच काढायचा नसतो. हे रस्त्यावर पहिल्यांदा कळण्यापेक्षा, जिथे समोर फक्त वाळू आणि टायरांची भिंत आहे तिथे कळलेलं बरं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली, आणि त्यांतले 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले आहेत. या आकड्यावर विनोद होत नाही. मी तो देतो कारण तिसरा आक्षेप त्याच्याशीच येऊन भिडतो: ट्रॅकवर जाऊन आलेला माणूस रस्त्यावर जास्तच सुसाट सुटेल, असं काळजीवाहू मंडळी म्हणतात. काही सुटतातही, मूर्खपणाला ट्रॅकने परवाना दिलेला नाही आणि रद्दही केलेला नाही. पण माझा कल उलटा आहे. आपण वेगवान आहोत हा समज ज्याच्याकडे शाबूत आहे तो रस्त्यावर जास्त धोकादायक. ज्याला निळा झेंडा पाठ झाला आहे, तो परतीच्या प्रवासात डावी लेन धरून, कुणी ओव्हरटेक केलं तरी काही न बोलता, टोलचा मेसेज वाचत जातो.

या सगळ्या कटकटीतून मधला मार्ग महाराष्ट्राने काढला आहे, तो लोणावळ्यापलीकडच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर. तिथे ‘व्हॅली रन’मध्ये पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, सरळ जायचं. वळण नाही, रेसिंग लाइन नाही, बहुतेकांची निराशा दहा-पंधरा सेकंदांत आटोपते आणि दुपारी मगनलालची चिक्की घेऊन घरी जाता येतं. ड्रॅग शर्यतीच्या घड्याळात एक दयाळू बारकावाही असतो: गाडीचा धावण्याचा वेळ ती जागची हलल्यावर मोजायला लागतात, त्यामुळे हिरवा दिवा लागल्यावर चालकाने घेतलेली डुलकी त्यात धरली जात नाही. वजाबाकी थोडीफार शिल्लक आहे म्हणायची. मोकळ्या मनाने सांगायचं तर या कारणासाठीच मला तो प्रकार किंचित कमी दर्जाचा वाटतो, पण लोणावळ्याच्या हवेत कुणाशी वाद कशाला घाला.

तर वजाबाकी सर्किटवर चालत नाही असं मी म्हणालो. त्यात एक दुरुस्ती करायला हवी: हल्ली ती मोबाइलमधून परत आली आहे. जीपीएसवर चालणारी लॅप मोजायची अॅप्स ट्रॅकचे तीन तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यातली तुमची सर्वांत चांगली वेळ निवडतात आणि तिन्हींची बेरीज करून एक आकडा दाखवतात: सैद्धांतिक सर्वोत्तम लॅप. म्हणजे पहिला तुकडा शनिवार सकाळचा, दुसरा रविवार दुपारचा, तिसरा त्या फेरीतला जी पुढे वाळूत गेली. सगळं एका दमात जमलं असतं तर किती लागले असते, ते. ही बेरीज दिसते, पण ती शुद्ध वजाबाकी आहे. तीन ठिकाणच्या सगळ्या चुका काढून टाकल्या की जो उरतो तो मी. पॅडॉकमध्ये रविवारी संध्याकाळी कुणालाही वेळ विचारा, पहिल्यांदा हाच आकडा येतो. टायमिंगच्या खोलीबाहेरचा कागद अधिकृत, मोबाइलमधला आकडा ऐतिहासिक. पलटणी फुटल्या नसत्या तर तुंग्याला काय झालं असतं, तेही अशाच अॅपवर काढता येईल.

महादजी मात्र त्या अॅपच्या नादी लागले नाहीत. तुंग्याच्या मैदानात त्यांच्या बाजूने लढलेला युरोपीय सेनाधिकारी बन्वा द बॉइन पुढे चाकरी सोडून लखनौला व्यापारात पडला होता. 1790 मध्ये पाटीलबाबांनी त्याला परत बोलावलं, नव्या पलटणी कवायतीसकट उभ्या करायला लावल्या आणि त्यांच्या पगारासाठी अलीगढच्या बाजूचा मुलूख तोडून दिला, म्हणजे थकायचा प्रश्न मिटला. त्याच वर्षी जूनमध्ये राजस्थानातल्या पाटणच्या आणि सप्टेंबरमध्ये मेडत्याच्या लढाईत निकाल शिंद्यांच्या बाजूने इतका स्वच्छ लागला की दोन्हीकडच्या पुस्तकांत तो एकच आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी ब्रेक ऑइल बदललं आणि इन्स्ट्रक्टर घेतला.

इन्स्ट्रक्टर हौशी चालकालाही घेता येतो. सरावाच्या वेळात तो शेजारी बसतो, ‘थांबा, अजून थांबा, आता ब्रेक’ असं म्हणत राहतो, आणि शेवटी स्वतः स्टिअरिंगवर बसून एक फेरी मारून दाखवतो. माझ्या म्हणण्याचा शेवटचा पुरावा तो. तीच गाडी, तेच दमलेले टायर, तेच जुनं ऑइल, आत आता दोन माणसं, आणि चालवणारा बोलता बोलता चालवतो आहे: हे वळण मोठं करायचं, इथे घाई नको, इथे पाय सोडायचा. सरळ पट्ट्यावर त्याचा वेग हौशी माणसापेक्षा फारसा जास्त नसतोच. फरक पडतो तो वळणांत, जिथे तो काहीच करत नाहीये असं वाटतं. वेळ आठ-नऊ सेकंदांनी कमी येते. गाडीचा मालक शेजारच्या सीटवर दाराची मूठ घट्ट धरून हे सगळं डोळ्यांनी पाहतो. गाडी पिटमध्ये येते, हेल्मेट निघतात, मोबाइलवर वेळ दिसते, आणि मालक क्षणभर विचार करून म्हणतो, ‘बरोबर आहे. दोघं बसल्यामुळे वजन वाढलं ना, म्हणून टायरांना पकड मिळाली.’